तुम्ही विचारलंत म्हणून : हवामानबदलाच्या कारणांविषयीच्या शंका

मी भौतिकशास्त्र शिकवतो, आणि शंका घेतल्याशिवाय विज्ञान पुढे सरकत नाही असे वर्गात नेहमी सांगत असतो. त्यामुळेच असेल, एक प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो. ‘‘पृथ्वी तापते आहे हे मान्य केले, तरी त्याला माणूसच कारणीभूत आहे असे तुम्ही इतक्या खात्रीने कसे सांगता? हवामान तर पूर्वीही बदलत होते. सूर्य आहे, ज्वालामुखी आहेत, समुद्र आहेत. शंका घेणाऱ्या शास्त्रज्ञांचे तुम्ही ऐकून तरी घेता का?’’ विचारणारी माणसे बहुधा विचारी असतात आणि जाता जाता दिलेल्या उत्तराने त्यांचे समाधान होत नाही, होऊही नये. म्हणून ते येथे सविस्तर लिहितो.

शंका घेणाऱ्यांचे मी ऐकून घेतो. त्यांच्यातील काहींचा मला मनापासून आदर आहे, कारण त्यांच्या आक्षेपांमुळेच हा विषय पक्का झाला. मात्र ऐकताना प्रत्येक शंकेपुढे मी एक प्रतिप्रश्न ठेवतो : तुम्ही सुचवता ते कारण खरे असेल, तर तापमानवाढीखेरीज आणखी काय दिसायला हवे? नुसते तापमान वाढले एवढ्यावरून कारण ओळखता येत नाही. सूर्य प्रखर झाला तरी ते वाढेल आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढला तरी वाढेल. पण ही दोन कारणे वातावरणात वेगवेगळ्या खुणा ठेवतात, आणि त्या खुणा मोजता येतात.

हवामान पूर्वीही बदलत होते, हे तर अगदी खरे. हिमयुगे आली आणि गेली. पृथ्वीच्या कक्षेचा आकार, तिच्या अक्षाचा कल आणि त्या अक्षाचे भोवऱ्यासारखे डोलणे यांची आवर्तने साधारण 1,00,000, 41,000 आणि 23,000 वर्षांची आहेत, आणि हिमयुगांचे वेळापत्रक त्यांच्याशी जुळते हे मिलुटिन मिलान्कोविच यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गणिताने मांडले. ही आवर्तने अत्यंत संथ आहेत, आणि आजच्या घडीला त्यांचा रोख पृथ्वीला अगदी हळूहळू थंड करण्याकडे असायला हवा. म्हणजे पूर्वीच्या बदलांचे कारण आपल्याला ठाऊक आहे आणि ते कारण आज उलट दिशेने ओढते आहे. पूर्वी नैसर्गिक कारणाने बदल झाला म्हणून आजचाही तसाच असणार, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

याच मुद्द्याला जोडून एक अधिक सूक्ष्म आक्षेप येतो. अंटार्क्टिकातील बर्फाच्या गाभ्यांत, म्हणजे खोलवर भोक पाडून काढलेल्या बर्फाच्या लांब कांड्यांत, अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून गेल्या 8,00,000 वर्षांतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण कळते. त्यांतील काही नोंदींत हिमयुग संपताना आधी तापमान वाढलेले दिसते आणि काही शतकांनी कार्बन डायऑक्साइड. मग कारण कोणते आणि परिणाम कोणता? हा प्रश्न मला फार चांगला वाटतो. हिमयुग संपण्याची सुरुवात कक्षेतील बदलाने झाली, समुद्र तापू लागला, तापलेल्या पाण्यात वायू कमी विरघळतो म्हणून आणि समुद्राचे अभिसरण बदलले म्हणून तो हवेत आला, आणि त्याने पुढची तापमानवाढ आणखी वाढवली, असे त्याचे उत्तर आहे. आज हेच घडत असते, तर समुद्रातील कार्बन कमी होत असलेला दिसला असता. प्रत्यक्षात तो वाढतो आहे. माणसाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा सुमारे एक चतुर्थांश भाग समुद्र शोषून घेतो आहे, आणि त्यामुळे पृष्ठभागाच्या पाण्याचा सामू (पीएच; तो उतरला की आम्लता वाढते) औद्योगिक काळापूर्वीच्या सुमारे 8.2 वरून 8.1 च्या आसपास उतरला आहे. जो शोषून घेतो आहे तोच देणारा असू शकत नाही.

आता ज्या शंकेपुढे मी स्वतः सर्वाधिक काळ थांबतो, आणि जी विद्यार्थ्यांनाही मुद्दाम शिकवतो, तिच्याविषयी. आयरिश भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी 1859 मध्ये पितळेच्या लांब नळीत वेगवेगळे वायू भरून त्यांतून उष्णतेचे अदृश्य किरण सोडले. काच हे किरण अडवते, म्हणून नळीची दोन्ही टोके त्यांनी सैंधव मिठाच्या पारदर्शक चकत्यांनी बंद केली होती. ऑक्सिजन आणि नायट्रोजन यांतून किरण जवळजवळ विनाअडथळा गेले. पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड यांनी ते शोषले. 1896 मध्ये स्वीडनच्या स्वांते अरेनियस यांनी त्यावरून हिशेब मांडला की हवेतील कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी काही अंशांनी तापेल. त्यावर 1900 मध्ये त्यांच्याच देशातील क्नूट ऑंगस्ट्रॉम यांनी आक्षेप घेतला. प्रयोगशाळेतील नळीतला कार्बन डायऑक्साइड एक तृतीयांशाने कमी केला, तरी शोषणात जवळजवळ फरक पडला नाही. याचा अर्थ असा लावला गेला की हा वायू जितके किरण अडवू शकतो तितके आधीच अडवतो आहे, मग त्याचे प्रमाण वाढून काय होणार? हा आक्षेप इतका पटण्याजोगा होता की पुढची काही दशके बहुतेक शास्त्रज्ञांनी अरेनियस यांचा हिशेब बाजूला ठेवला. हवामानशास्त्र शंका ऐकत नाही असे ज्यांना वाटते त्यांना मी हा इतिहास आवर्जून सांगतो.

आक्षेपाचे उत्तर नळीत नव्हते, वातावरणाच्या उंचीत होते. पृथ्वीला उष्णता गमावण्याचा मार्ग एकच : अवरक्त, म्हणजे उष्णतेच्या त्याच अदृश्य, किरणांच्या रूपाने ती अवकाशात सोडणे. अवकाशातून पाहिले तर पृथ्वी उणे 18 अंश सेल्सिअसची वस्तू असल्यासारखी उष्णता सोडते, आणि जमिनीचे सरासरी तापमान मात्र सुमारे 15 अंश आहे. वर जाताना हवा दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते, तेव्हा हा 33 अंशांचा फरक सांगतो की अवकाशात निसटणारी उष्णता सरासरीने सुमारे 5 किलोमीटर उंचीवरून निघते. त्याखालची बहुतेक उष्णता वाटेतच पुन्हा पुन्हा शोषली जाते, आणि तेथे ऑंगस्ट्रॉम यांचे म्हणणे पुष्कळसे बरोबर आहे. पण कार्बन डायऑक्साइड वाढला की वरची विरळ हवाही अपारदर्शक होऊ लागते आणि उष्णता निसटण्याची पातळी आणखी वर सरकते. वर हवा अधिक थंड, थंड हवा कमी उष्णता सोडते, म्हणून येणाऱ्या आणि जाणाऱ्या उष्णतेचा जमाखर्च जुळेनासा होतो, आणि तो पुन्हा जुळेपर्यंत खालचे सगळे वातावरण तापत राहते. प्रमाण दुप्पट झाले तर ही पातळी साधारण 150 मीटर वर जाते. साडेसहा अंशांच्या दराने गुणून पाहा, उत्तर सुमारे एक अंश येते. बाष्प, बर्फ आणि ढग यांचे परिणाम त्यावर आणखी चढतात. हा हिशेब विद्यार्थ्यांना फळ्यावर स्वतः मांडता येतो आणि तो जुळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसते, त्यासाठी मी हा विषय शिकवतो.

याच यंत्रणेतून सूर्याविषयीच्या शंकेचाही निकाल लागतो. सूर्य प्रखर झाला असता, तर वातावरण वरपासून खालपर्यंत तापले असते. कार्बन डायऑक्साइड वाढल्यास मात्र खालचे तपांबर तापते आणि त्यावरचे स्थितांबर थंड होते, कारण तेथे हा वायू अधिक उष्णता अवकाशात सोडू लागतो. हवामानशास्त्रज्ञ स्युकुरो मनाबे आणि रिचर्ड वेदरल्ड यांनी 1967 मध्ये आकडेमोड करून ही खूण आधीच सांगून ठेवली होती, तेव्हा उपग्रहांनी स्थितांबराचे तापमान सातत्याने मोजण्यास सुरुवातही झालेली नव्हती. त्यानंतरच्या मोजमापांत स्थितांबर थंड होत गेलेले दिसते. खालच्या स्थितांबरातील घटीत ओझोनच्या ऱ्हासाचाही मोठा वाटा आहे, हे येथे नोंदवलेच पाहिजे. परंतु वरच्या थरांतील दीर्घकालीन घट कार्बन डायऑक्साइडला धरल्याशिवाय जुळत नाही. शिवाय सूर्याच्या प्रखरतेचे मोजमाप 1978 पासून उपग्रहांवरून थेट होते आहे. 11 वर्षांच्या सौरचक्रात ती सुमारे 0.1 टक्क्याने कमीजास्त होते, पण गेल्या चार दशकांत तिच्यात चढता कल नाही, आणि याच दशकांत पृथ्वी सर्वांत वेगाने तापली. मनाबे यांना 2021 चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, ते पृथ्वीच्या हवामानाच्या अशा गणिती प्रतिकृतींसाठीच.

ज्वालामुखींची शंका थोडक्यात आटोपते. सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जितका कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो माणसाने सोडलेल्याच्या एक टक्क्याहूनही कमी असतो. मोठा उद्रेक पृथ्वीला उलट थंड करतो : जून 1991 मध्ये फिलिपिन्समधील पिनातुबोच्या उद्रेकानंतर जागतिक तापमान वर्षभरात साधारण अर्ध्या अंशाने उतरले होते. हवेतील जादा कार्बन कोठून आला याची साक्ष तो कार्बनच देतो. कार्बन-14 हा किरणोत्सारी समस्थानिक कोट्यवधी वर्षे जमिनीखाली राहिलेल्या कोळशात आणि तेलात उरलेला नसतो, आणि वनस्पतींपासून बनलेल्या या इंधनात कार्बन-13 चे प्रमाणही कमी असते. हवेत या दोन्हींचे प्रमाण त्याच हिशेबाने उतरत गेले आहे. जळण्यासाठी लागणारा ऑक्सिजनही हवेत किंचित घटतो आहे. चार्ल्स कीलिंग यांनी 1958 मध्ये हवाईतील मौना लोआ येथे नोंदी सुरू केल्या तेव्हा हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे 315 रेणू होते. औद्योगिक काळापूर्वी ते सुमारे 280 होते. आज ते 420 च्या पुढे गेले आहेत.

काहींचा आक्षेप कारणावर नसून मोजमापावर असतो, आणि त्यातील एक प्रकरण मला शंकेच्या वाटचालीचा उत्तम नमुना वाटते. अमेरिकेतील हंट्सव्हिल येथील अलाबामा विद्यापीठाचे रॉय स्पेन्सर आणि जॉन क्रिस्टी यांनी 1990 मध्ये उपग्रहांच्या नोंदींवरून वातावरणाचे तापमान काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पुढची काही वर्षे त्यांच्या मालिकेत तापमानवाढ जवळजवळ दिसतच नव्हती, आणि दोघेही प्रचलित मताविषयी साशंक होते. मग 1998 मध्ये फ्रँक वेंट्झ आणि मॅथियस शाबेल यांनी दाखवून दिले की वातावरणाच्या विरळ घर्षणामुळे उपग्रहाची कक्षा हळूहळू खाली येते आणि त्यामुळे नोंदींत खोटी घट शिरते. उपग्रह दिवसाच्या कोणत्या वेळी मोजमाप करतो ती वेळ हळूहळू सरकते; त्यासाठी केलेल्या दुरुस्तीतही 2005 मध्ये चूक आढळली. स्पेन्सर आणि क्रिस्टी यांनी त्या दुरुस्त्या स्वीकारल्या. आज त्यांच्या स्वतःच्या मालिकेतही दर दशकाला साधारण 0.15 अंशाची वाढ दिसते. शहरांच्या उष्णतेमुळे तापमापकांचे आकडे फुगले आहेत, ही शंका घेऊन बर्कली येथील भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड म्युलर यांनी सगळ्या नोंदींची नव्याने छाननी केली. वाढ खरी आहे, असा निर्वाळा त्यांनी दिला आणि 2012 मध्ये ती जवळजवळ पूर्णपणे मानवनिर्मित असल्याचे जाहीर लिहिले. समुद्रावर शहरे नाहीत, आणि पृथ्वीवर साठणाऱ्या जादा उष्णतेपैकी 90 टक्क्यांहून अधिक उष्णता समुद्रातच जाते आहे, हेही येथे लक्षात घ्यावे.

मग शंकेला जागा उरली आहे का? उरली आहे, आणि ती खरोखर अवघड जागा आहे. कारण माणूस आहे हे ठरले, तरी कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यावर तापमान नेमके किती वाढेल हे ढगांवर अवलंबून आहे. खालचे जाड ढग ऊन परतवतात, उंचावरचे विरळ ढग उष्णता अडवतात, आणि तापत्या जगात त्यांचे प्रमाण कसे बदलेल हे ठरवणे कष्टाचे आहे. अमेरिकी वातावरणशास्त्रज्ञ रिचर्ड लिंडझेन यांनी 2001 मध्ये अशी कल्पना मांडली की उष्ण कटिबंधातील उंचावरचे ढग तापमानाबरोबर आकसतील आणि जादा उष्णता निसटून जाईल. त्यांनी सुचवला तेवढा मोठा परिणाम नंतरच्या निरीक्षणांत आढळला नाही, पण प्रश्न योग्य ठिकाणी विचारलेला होता. 1979 मध्ये अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ जूल चार्नी यांच्या समितीने या वाढीची मर्यादा दीड ते साडेचार अंश अशी दिली होती. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या (आयपीसीसी) 2021 च्या अहवालात ती अडीच ते चार अंशांपर्यंत अरुंद झाली आणि मध्यवर्ती अंदाज तीन अंशांवर आहे. ही अनिश्चितता दोन्ही बाजूंना आहे. तिचा आधार घेऊन ‘काही होणार नाही’ असे म्हणणारे तिची वरची बाजू सोडून देतात, आणि याचे मला वाईट वाटते, कारण त्या वरच्या बाजूला जगण्याची वेळ माझ्या विद्यार्थ्यांवर येऊ शकते.

कधी कधी प्रश्न उलटा येतो : काय दिसले तर तुमचे मत बदलेल? कार्बन डायऑक्साइड वाढत असताना स्थितांबराचे वरचे थर दशकानुदशके तापू लागले, किंवा कोणताही मोठा ज्वालामुखी उद्रेक झालेला नसताना समुद्रातील उष्णतेचा साठा दीर्घकाळ घटत गेला, तर मला माझे सगळे म्हणणे नव्याने तपासावे लागेल. समुद्राचा साठा मोजण्यासाठी जगभर आर्गो नावाचे सुमारे 4,000 तरंगते मापक सोडलेले आहेत. ते 2,000 मीटर खोल बुडी मारतात आणि साधारण दर 10 दिवसांनी वर येऊन आपल्या नोंदी उपग्रहाकडे धाडतात. आजवरच्या नोंदींत तो साठा वाढतच गेला आहे. हे आकडे सर्वांसाठी खुले आहेत. ज्यांना माझ्या शब्दावर विश्वास ठेवायचा नसेल त्यांनी ते स्वतः उतरवून आलेख काढावा. त्यासाठी कोणी माझ्याकडे आले, तर मी त्यांच्यासोबत बसायला तयार असतो.