सहा चिमण्यांची वही : चार झाल्या, दोन बाकी

मागच्या वेळी मी 'कृष्णाकाठी सिंध चिमणी मिळाली' असं ठोकून दिलं होतं. ती ओळ आधी खोडतो. नोव्हेंबरची सकाळ होती, सांगलीजवळच्या हरिपूरच्या वाटेवर नदीकडच्या बाभळीत एक नर बसलेला. गळ्याखालचं काळं जेमतेम टिकलीएवढं, अंगानंही मला बारीक वाटला. सिंध चिमणीच्या नराचा गळा थोडाच काळा असतो आणि ती पाण्याकाठच्या बाभळीत-झाऊत राहते, एवढं वाचलेलं डोक्यात होतं. झालं, लिहून टाकलं. एका जाणत्या मित्रानं फोटो बघून एवढंच विचारलं, "पिसं नवीकोरी आहेत, बघितलंस का?"

विणीनंतर घरचिमणीची पिसं झडून नवी येतात. नराच्या गळ्यावरच्या नव्या काळ्या पिसांना फिकट टोकं असतात, त्यामुळं काळा भाग निम्माशिम्मा झाकलेला दिसतो. हिवाळाभर ती टोकं झिजत जातात आणि वीण तोंडावर येते तोवर छाती काळीकुट्ट होते. म्हणजे नवा रंग चढत नाही, वरचं झिजून खालचा उघडा पडतो. चोच मात्र खरीच रंग बदलते, विणीच्या दिवसांत काळी आणि एरवी पिवळट करडी. नोव्हेंबरातल्या नराचा गळा बघून जात ठरवायची नाही, हे वहीच्या पहिल्याच पानावर आता लाल शाईनं लिहिलंय. शिवाय सिंध चिमणीचा मुलूख सिंधूचं खोरं, पंजाब, राजस्थान. ती हरिपुरात कशाला येईल, हे मला आधी सुचायला हवं होतं.

नव्यानं आलेल्यांसाठी सांगतो, माझ्या वहीत सहा नावं आहेत : घरचिमणी, रानचिमणी, स्पॅनिश, वृक्षचिमणी, तांबूस आणि सिंध. आपल्याकडं बोटभर तपकिरी पाखरू दिसलं की चिमणीच म्हणायची पद्धत, त्यामुळं यादी लहान वाटते. पण वर्षभर यांच्या मागं फिरल्यावर मी रंगाआधी एकच प्रश्न विचारायला लागलोय : इथं माणसाचं घर कुणी धरलंय?

सांगलीत त्याचं उत्तर सोपं. मार्केट यार्डात शाळूची पोती उतरतात तिथं घरचिमण्या. मी दर रविवारी सातला जाऊन मोजतो. एका हमालमामांनी विचारलं, "काय मोजताय?" म्हटलं, चिमण्या. "मोजा, मोजा. त्यांची हमाली लागत नाही." सांडलेलं धान्य आणि पत्र्याखालची फट, एवढ्यावर त्यांचा संसार चाललाय. इंग्लंडात तर ही कोळशाच्या खाणीत, जमिनीखाली ६४० मीटरवर राहिल्याची नोंद आहे. खाणकामगार खायला घालायचे. माणूस जाईल तिथं जायचं म्हणजे किती!

दुसरी, रानचिमणी. सागरेश्वरला मार्चअखेर मिळाली. धों. म. मोहित्यांच्या पुढाकारानं उघड्या डोंगरावर उभं केलेलं ते जंगल, त्यामुळं तिथं हे पाखरू बघण्यात मला जास्त मजा आली. आधी आवाज आला. घरचिमणीसारखाच चिवचिवाट, पण मऊ आणि गोलसर. पांगाऱ्यावर नर उलटा लोंबकळत फुलात तोंड घालून मध पीत होता. तोंड बाहेर काढलं तर कपाळाला पराग चिकटलेले, भंडारा लावल्यासारखे. खांद्यावर तांबूस डाग, पंखावर पांढऱ्या पट्ट्या, आणि मान वर केली तेव्हाच गळ्यावरचा पिवळा ठिपका दिसला. पाठीवर रेघा नाहीत, मादी ओळखायची ती यावरूनच. १९०८ च्या सुमारास छऱ्याच्या बंदुकीनं पाडलेली हीच पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन लहानगे सलीम अली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) मिलार्डसाहेबांकडे गेले होते. ही माणसाच्या घराच्या वाटेला फारशी जात नाही. तिला झाडाची ढोली लागते, बऱ्याचदा सुतारपक्ष्यानं किंवा तांबटानं सोडून दिलेली.

तिसरी, स्पॅनिश. जानेवारीत राजस्थानात ताल छापरला गेलो होतो. नराचं डोकं तांबडं-तपकिरी, गाल पांढरे, छातीपासून कुशीपर्यंत काळे फराटे. थवा उठला की गवतावरून कुणी घोंगडी झटकल्यासारखं वाटायचं. आता गंमत बघा. जिथं घरचिमणी आहे तिथं ही नदीकाठच्या, ओलिताच्या रानात राहते, झाडांवर शेकड्यांनी घरटी करते, करकोच्याच्या मोठ्या घरट्याच्या काड्यांतसुद्धा घुसते. पण माल्टा, सार्डिनियासारख्या बेटांवर घरचिमणी नाही, तिथं गावातली चिमणी हीच. इटलीत तर या दोघींच्या संकरातून झालेली तिसरीच जात घरं धरून बसलीय.

चौथी वृक्षचिमणी, शिलाँगला, हॉटेलच्या पन्हाळीत. डोकं चॉकलेटी, पांढऱ्या गालावर काळा ठिपका, नर-मादी सारखेच. युरोपात ही शेताच्या कडेची, चीन-जपानात मात्र घरातली. चीननं १९५८ साली चिमण्या मारण्याची मोहीम काढली ती गोष्ट सगळे सांगतात, पण सांगताना डोळ्यासमोर आपली घरचिमणी आणतात. मेली ती ही, गालावर ठिपकावाली. किडी वाढल्यावर १९६० मध्ये मारायच्या उपद्रवी जिवांच्या यादीतून चिमणीचं नाव काढून ढेकणाचं घातलं.

भाच्यानं न्यू जर्सीहून 'साँग स्पॅरो'चा फोटो पाठवून सातवी धर म्हणून हट्ट धरला. नाही धरणार. अमेरिकेतल्या त्या स्पॅरो वेगळ्या कुळातल्या, आपल्या शाळूवर हिवाळ्यात उतरणाऱ्या भारिटांना जास्त जवळच्या. त्याच्या पार्किंगमध्ये चिवचिवतात त्या मात्र आपल्याच. १८५१ साली ब्रुकलिनला जहाजातून नेलेल्यांपासून तिथं त्यांचा विस्तार सुरू झाला.

घरट्याच्या पेटीचा अहवाल. पहिल्या पेटीला सुतारमामांनी ४५ मिलिमीटरचं भोक पाडलं. दुसऱ्याच दिवशी साळुंकी आत. शिवाय मी ती पश्चिमेच्या भिंतीवर लावलेली, एप्रिलात हात लावला तर फळी तव्यासारखी. आता भोक ३२ चं, पेटी पूर्वेला पागोळीखाली, बाहेर बसायची दांडी काढून टाकली. २ मेच्या सुमारास मादी बसली, १४ तारखेला आतून बारीक चिरचिर ऐकू आली.

मी कौतुकानं शेजारी बाजरी ठेवली होती. तिनं ढुंकून बघितलं नाही. कठड्यावर नाकतोडा आणला, दोनदा आपटला, तंगड्या एकेक ओढून टाकल्या आणि उरलेला मऊ भाग आत नेला. पिल्लांना दाणा चालत नाही, किडेच लागतात, हे माहीत होतं. तंगड्या काढून देतात हे पहिल्यांदा बघितलं. कठड्याखाली त्या तंगड्यांचा लहानसा ढीग झालाय. आज्जीला झाडू देत नाही, तिचं आणि माझं त्यावरून रोज होतं. पिल्लं २९ ला उडाली. किती ते चुकलं, पहाटे मी झोपलो होतो.

बाकी राहिल्या दोन. तांबूस चिमणीसाठी नैनितालकडची गावं बघायची आहेत. तिथंही तोच प्रश्न : दुसरी चिमणी नसेल त्या गावात म्हणे ही घरात येते, असेल तिथं रानात राहते. आणि सिंधसाठी जानेवारीत पंजाबात हरिकेला. कुणी येणार असेल तर गाडीचा खर्च निम्मा निम्मा. नराच्या डोळ्यामागून कानाला वळसा घालणारी तांबूस पट्टी फोटोत आल्याशिवाय या वेळी वहीत एक अक्षर लिहिणार नाही.