डाव्या हाताची सालदारी

मे महिन्यात जळगावात दुपारी दोन वाजता माणूस एकतर झोपतो, नाहीतर नको ते ठरवतो. मी पियानो शिकायचं ठरवलं.

निमित्त भाचीच्या फोनचं. "मामा, पोरांचा कॅसिओ नेता का? नुसता पडून आहे." हा कॅसिओ ६१ पट्ट्यांचा. खऱ्या पियानोला ८८ असतात. जास्तीच्या २७ पट्ट्यांवाचून माझं काय अडणार होतं म्हणा! पण उगाच चार लोकांना विचारलं आणि फसलो. एक म्हणाला, कॅसिओला हात लावू नका, बोटं बिघडतात, वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानोच घ्या. दुसऱ्याचं म्हणणं, आधी नोटेशन वाचायला शिका आणि ग्रेडच्या परीक्षा द्या. या वयात हॉल तिकीट! तिसऱ्यानं मोबाइलवर अ‍ॅप दाखवलं. वरून रंगीत ठोकळे पडतात, खाली आले की ती पट्टी दाबायची. मला ते बघवत नाही. गाणं कानात यायच्या आधी डोळ्यांपुढे कोसळतं, त्याला शिकणं कसं म्हणायचं?

खऱ्या पियानोचं नाव कुणीच काढलं नाही. बरोबरच आहे. आत सव्वादोनशेच्या आसपास तारा, सगळा कारभार लाकडाचा, आणि आमचा उन्हाळा ४५ अंशांचा. त्यावर पावसाळ्याची दमट हवा. तो सुरात ठेवायचा तर ट्यूनरला घरातच एक खोली द्यावी लागेल.

पण गंमत अशी, की एवढ्या सल्ल्यांत माझ्या डाव्या हाताबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

आपण पेटीवाली माणसं. उजवा हात गातो, डावा भाता ओढतो. डावा म्हणजे घरचा सालदार, राबायचं त्यानं आणि नाव उजव्याचं. मूळची हार्मोनियम पॅरिसची, अलेक्झांदर दबँ यानं १८४२ मध्ये पेटंट घेतलेली, आणि तिला हवा द्यायची पायांनी. आपण पडलो मांडी घालून बसणारे. १८७५ मध्ये कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी हातानं भाता मारायची पेटी काढली आणि पायांचं काम डाव्या हाताच्या गळ्यात पडलं. संगीत नाटकांत ऑर्गन, पायपेटी वाजवणाऱ्यांचे दोन्ही हात मोकळे असायचे. गावच्या भजनात कुठला आलाय ऑर्गन?

आमच्या अमळनेर तालुक्यातल्या गावी एकादशीच्या भजनाला पेटी असायची चुलत आजोबांची. सगळा गाव त्यांना आबा म्हणायचा. भात्याच्या घडीला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ. एक पांढरी पट्टी दाबली की वर यायचीच नाही, एकटीच गात बसायची. आबा वाजवता वाजवता नखानं तिला उचलायचे. ओढून ओढून त्यांचा खांदा भरून आला की मला पलीकडच्या अंगाला बसवायचे. "दमानं रे पोऱ्या, दमानं." मी भाता मारायचो आणि आबांचा डावा हात मोकळा व्हायचा. मग तो हळूच पट्ट्यांवर यायचा. खाली खर्जात एक सा धरायचा, फार तर उजव्याच्या मागोमाग दोन-चार सूर म्हणायचा, आणि आपण भलत्या ठिकाणी आलो असं वाटून की काय, परत मांडीवर जाऊन ताल धरायचा. पखवाजवाला हसायचा. आबांना ते कळायचं नाही, किंवा कळत असेलही.

त्या दुपारी मी टेबलावरच बोटं ठेवून पाहिली. पियानोत दोन्ही हातांची बोटं अंगठ्यापासून मोजतात. अंगठा एक, करंगळी पाच. म्हणजे पांढरी एकपासून सारेगमप म्हणायचं तर उजव्याचं एक, दोन, तीन, चार, पाच. डाव्याचं मात्र पाच, चार, तीन, दोन, एक. डाव्याचा षड्ज करंगळीवर! जन्मात त्या बोटाला कुणी सूर लावायला सांगितलं नव्हतं. अनामिका तर करंगळीला सोबत घेतल्याशिवाय उठेचना. उजवा हात शेजारी तयारीत बसलेला, त्याला प पर्यंत जाऊन यायला काहीच लागत नव्हतं.

पॉल विट्गेन्श्टाइन नावाचा व्हिएन्नाचा पियानोवादक होता. पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा हात गेला. त्यानं वाजवणं सोडलं नाही, मोठमोठ्या संगीतकारांकडून एकट्या डाव्या हातासाठी रचना करून घेतल्या. फ्रान्सच्या राव्हेलनं त्याच्यासाठी केलेला कॉन्चेर्टो, म्हणजे ऑर्केस्ट्राच्या साथीनं वाजवायची रचना, १९३२ मध्ये व्हिएन्नात वाजला. डोळे मिटून ऐकला तर एकच हात आहे हे पटत नाही. अंगठा वर गाणं म्हणतो आणि बाकीची चार बोटं खाली जमीन राखतात.

आबांच्या उजव्या अंगावरून शेवटी वारं गेलं. डावा हात चांगला होता. पेटी विकली.

तर मी ठरवलंय, पहिले काही महिने फक्त डावा. ओळखीच्या एका बाई इथेच क्लास घेतात, त्यांना फोनवर हे सांगितलं. पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाल्या, "असं कुणी करत नाही. पण करा. उजवा मांडीखाली दाबून बसा, तो गप्प राहायचा नाही."

फी मात्र दोन्ही हातांचीच घेणार आहेत.