भाजकाने घाम काढला

प्रबंधाचा विषय घेतला तेव्हा वाटलं होतं, पंधरवड्याचं काम आहे. 1780 ते 1850 या काळात ब्रिटनमधल्या कामगारांची खरी मजुरी, म्हणजे महागाई वजा जाता हाती उरणारी मजुरी, किती वाढली? मजुरीला राहणीखर्चाच्या निर्देशांकाने भागायचं, आलेख काढायचा, संपलं. मजुरीचे आकडे तसे पटकन मिळाले. (त्यातही मेख होतीच: आठवड्याचा दर म्हणजे कमाई नव्हे, बेकारीचे आठवडे दरात दिसत नाहीत.) घाम काढला तो भाजकाने.

पहिला आलेख मॅडमना दाखवला. मध्येच एका वर्षात खरी मजुरी साठ टक्क्यांनी उडाली होती. "या वर्षी काय झालं होतं?" मॅडमनी विचारलं. मी दोन दिवस संप, कायदे, युद्धं धुंडाळत बसलो. झालं काहीच नव्हतं. निर्देशांकाच्या दोन मालिका मी नुसत्या एकाखाली एक चिकटवल्या होत्या. जुनी 160 वर संपत होती, नवी त्याच वर्षी 100 पासून सुरू होत होती. नव्या मालिकेला 1.6 ने गुणलं, उडी गायब!

मग भारांचा घोळ, म्हणजे खर्चात कुठल्या वस्तूचा वाटा किती धरायचा याचा. सुती कापड स्वस्त झालं की लोक ते जास्त घेतात. लासपेअरच्या पद्धतीत सुरुवातीच्या वर्षाचेच भार धरतात, त्यामुळे खर्च फुगतो. पाश्चेच्या पद्धतीत अखेरच्या वर्षाचे, म्हणून तो आकसतो. मजुरीचे आकडे तेच, पण उत्तरं दोन. त्यात 1800-01 च्या टंचाईपासून मोजायला सुरुवात केली, तर पुढे सगळी भरभराटच दिसते. हा मोह मलाही झाला होता.

माझी चूक निदान नवखेपणाची होती. इथे तर मुरलेल्या अभ्यासकांचीही उत्तरं जुळत नाहीत. आर्थिक इतिहासकार लिंडर्ट आणि विल्यमसन यांनी 1983 मध्ये 1820 ते 1850 दरम्यान खरी मजुरी जवळजवळ दुप्पट झाल्याचं मांडलं. त्याच क्षेत्रातल्या फाइनस्टाइन यांनी मजुरी आणि राहणीखर्च दोन्हींच्या मालिका नव्याने बांधल्या, बेकारी आणि खाणारी तोंडंही धरली, आणि 1998 मध्ये सांगितलं की 1780 च्या दशकापासून 1850 च्या दशकापर्यंत सामान्य कामगार कुटुंबाचं राहणीमान पंधरा टक्क्यांनीही सुधारलं नाही. मला फाइनस्टाइन जास्त पटले, कारण माझे तिन्ही आलेख त्यांच्याच बाजूला झुकत होते.

हो, तीन. एका आलेखावर भागलंच नाही. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न आला तो घरभाड्याचा. उत्तर परिशिष्टात होतं, पान मात्र ऐनवेळी आठवेना.