चोंगचिंग: इथे अंतर नाही, मजला विचारायचा

चीनला जाऊन आलो म्हटलं की सगळे शांघाय बघितलं का, बीजिंग बघितलं का हेच विचारतात. नाही बघितलं. इचलकरंजीतले आमच्या धंद्यातले लोक ज्यासाठी जातात त्यासाठीच गेलो होतो, ग्वांगझौची कँटन फेअर म्हणजे तिथलं मोठं व्यापारी प्रदर्शन, त्यात कापडाचा नंबर शेवटच्या टप्प्यात येतो आणि तो टप्पा नोव्हेंबरच्या सुरुवातीला संपतो, आणि स्वस्तातलं परतीचं तिकीट मिळालं ते त्यानंतर पाच दिवसांनी. सोबत मामा. मामा सावंतवाडीचे, वय एकसष्ट, गुडघे दुखतात पण तोंडाला विश्रांती नाही. ग्वांगझौत पाच दिवस काय करायचं म्हणून शोधत होतो तर पुतण्याने फोनवर ती बिल्डिंगमधून आरपार जाणारी रेल्वे दाखवली आणि मामा म्हणाले, "ही खोटी असणार. चल बघून येऊ." म्हणून चोंगचिंग.

आधी आकड्यांचा गोंधळ मिटवतो. जगातलं सगळ्यात मोठं शहर, ३ कोटी २० लाख लोक, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ते खरंही आहे आणि नाहीही. १९९७ साली सिच्वान प्रांतातून हा भाग वेगळा काढून थेट केंद्राच्या ताब्यातली नगरपालिका केली, तिचं क्षेत्रफळ ८२ हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या पावपटीहून जास्त. त्यात डोंगर आले, भातशेती आली, खेडी आली. ज्याला आपण शहर म्हणू ते त्यातला एक तुकडा, पण तो तुकडासुद्धा असा आहे की टॅक्सीतून अर्धा-पाऊण तास टॉवरच टॉवर बघून मामा पहिल्यांदा गप्प झाले.

आता पहिल्या रात्रीची गंमत, कारण तुमचीही हीच होणार आहे. टॅक्सीवाल्याने नकाशावरच्या पिनवर बरोब्बर सोडलं. फोन म्हणतोय पोचलात. समोर नूडल्सचं दुकान, एक गॅरेज आणि मागे सरळसोट भिंत. हॉटेलचा पत्ता नाही. दोन फेऱ्या मारल्या, बारीक पाऊस सुरू, शेवटी गॅरेजवाल्याला फोन दाखवला तर त्याने बोट वर केलं. वर म्हणजे पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर असेल म्हणून शेजारच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये शिरलो, तिथल्या बाईने अकरा नंबर दाबला, दार उघडलं आणि आम्ही बाहेर आलो तर समोर चार पदरी रस्ता, बस स्टॉप, शाळेतून परतणारी पोरं, रताळी भाजणारी गाडी. मामांनी कठड्यावरून खाली वाकून बघितलं, गॅरेजवाला खाली मुंगीएवढा. "अरे मग आपण आता कितव्या मजल्यावर आहोत?" मी म्हटलं, मामा, तळमजल्यावर. आणि हॉटेल त्याच रस्त्यावर, वीस पावलांवर.

तर नियम एकच लक्षात ठेवा. या शहरात "किती लांब आहे" हा प्रश्न बिनकामाचा, "कुठल्या रस्त्याकडून आत यायचं आणि कितवा मजला" हे विचारायचं. हॉटेल बुक केल्यावर त्यांच्याकडून प्रवेशद्वाराचा फोटो मागवून घ्या आणि तो टॅक्सीवाल्याला दाखवा. नकाशाला उंची कळत नाही, दोन ठिकाणं पन्नास मीटरवर दिसतात आणि मधे सत्तर पायऱ्या नाहीतर अख्खा डोंगर असतो. गूगल तिथे बंद आहे आणि चालू केलंत तरी त्याचा नकाशा रस्त्यावरून सरकलेला दिसतो, तिथलं गाओद वापरा, आयफोन असेल तर अ‍ॅपलचा नकाशाही चालतो.

हे असं का झालंय ते दुसऱ्या दिवशी छाओथ्येनमनला उभं राहिल्यावर कळलं. यांगत्से आणि च्यालिंग या दोन नद्या तिथे मिळतात, मधे उरलेली डोंगराची सोंड म्हणजे जुनं शहर. सपाट जागाच नाही. मग माणसं वर गेली. एक नदी मातकट, दुसरी जरा हिरवट, संगमावर दोन्ही रंग थोडा वेळ वेगळे दिसतात असं म्हणतात, आम्हाला मात्र धुक्यात दोन्ही राखाडीच दिसल्या. धुकं हे तिथलं नेहमीचं, थंडीत सूर्य दिसला तर लोक फोटो काढतात. उन्हाळ्यात मात्र चुकूनही जाऊ नका, २०२२ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या बेईबेई भागात ४५ अंश झालं होतं. आणि १ मेची सुट्टी आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा टाळा, तेव्हा एवढी गर्दी होते की नदीवरचा पूल गाड्यांना बंद करून माणसांना सोडतात.

संगमाच्या पायऱ्यांवर एक म्हातारेबुवा दिसले, खांद्यावर बांबू, दोन टोकांना दोरीने बांधलेली मोठी मोठी खोकी, आणि पायात साधे कापडी बूट. यांना बांगबांग म्हणतात, बांग म्हणजे काठी. एकेकाळी असे लाखो हमाल होते म्हणे, बोटीतून उतरलेला सगळा माल यांच्या खांद्यावरून वर चढायचा, आता लिफ्ट आणि गाड्या आल्यावर थोडेच म्हातारे उरलेत. मामा त्यांच्याकडे बघतच राहिले. "ही तर कावड. शिंगणापूरला मुंगी घाटातनं चढवतात तशीच." म्हातारेबुवा मधे थांबले, बांबू न उतरवताच नुसता या खांद्यावरून त्या खांद्यावर फिरवला, एक पळी पाणीही सांडणार नाही अशा बेताने, आणि परत चालायला लागले. मी फोटो काढणार होतो, मामांनी हात धरला. बरं झालं.

ती रेल्वे. खरी आहे. लाइन २, स्टेशन लित्झबा. मोनोरेल आहे, बिल्डिंग १९ मजल्यांची, गाडी सहाव्या ते आठव्या मजल्याच्या पोटातून जाते. आधी बिल्डिंग होती आणि मग भोक पाडलं असं नाही, दोन्ही एकत्रच आखून बांधलंय आणि रेल्वेचे खांब बिल्डिंगच्या खांबांपासून वेगळे आहेत म्हणून घरं हादरत नाहीत. रबरी चाकं, त्यामुळे खडखडाटही नाही. खाली रस्त्यावर खास बघ्यांसाठी ओटा केलाय, तिथे शेकडो माणसं एकाच वेळी तोंड उघडून उभी, कारण गाडी आपल्याच तोंडात जातेय असा फोटो काढायची फॅशन आहे. मामांनीही काढला, सातव्या प्रयत्नात जमला. टिप: खाली उभं राहून एक गाडी बघा आणि मग त्याच लाइनने नदीच्या बाजूच्या खिडकीपाशी उभं राहून पुढे जा, दोन-तीन युआनमध्ये च्यालिंगच्या काठाची अख्खी सफर होते, कुठलीही तिकीटवाली जागा एवढी आवडली नाही.

हॉन्गयादोंग, म्हणजे ती सोनेरी दिव्यांची लाकडी वाटणारी उभी वाडी, सगळ्यांना बघायची असते. बघा, पण आत जाऊ नका, किंवा गेलात तर पाकीट घट्ट धरून जा. जुनं वाटतं पण २००६ चं बांधकाम आहे, आत सगळी दुकानं. नदीकाठच्या रस्त्याने शिरलात तर पहिला मजला, अकराव्यावर बाहेर पडलात तर वरचा रस्ता, पहिल्या रात्रीची आमची परीक्षा तिथे परत झाली. खरी मजा समोरच्या च्यानसमन पुलावरून किंवा पलीकडच्या काठावरून. दिवे लागायच्या आधी अर्धा तास जाऊन जागा धरा.

मला स्वतःला जास्त भावलं ते बाईश्यांगज्यू. यांगत्सेवरच्या रोपवेच्या स्टेशनाजवळ, ऐंशीच्या दशकातली चाळवजा इमारत, २४ मजले आणि लिफ्ट नाही. नाही म्हणजे नाहीच. पण पहिल्या, दहाव्या आणि पंधराव्या मजल्यावर तिला वेगवेगळ्या रस्त्यांवर निघणारी दारं आहेत, त्यामुळे कुणालाच सगळे मजले चढावे लागत नाहीत. गॅलरीत वाळत घातलेले कपडे, दाराबाहेर कोबीची पिंपं, एक आजोबा खुर्ची टाकून रेडिओ ऐकत बसलेले, गिरगावात शिरल्यासारखं वाटलं. लोक राहतात तिथे, तेव्हा हळू बोला आणि कुणाच्या दारात फोन घुसवू नका, आमच्यापुढे एक घोळका तेच करत होता. रोपवे १९८७ चा, हजार मीटरहून जास्त लांब, एका बाजूचे २० युआन. आधी लोक त्याने कामावर जायचे, आता बहुतेक पर्यटकच. आम्ही रांग बघून सोडून दिला.

आता जेवण, कारण आपल्या माणसाचं अडतं ते इथेच.

चोंगचिंगचा हॉटपॉट म्हणजे टेबलाच्या मधोमध उकळणारी लालभडक कढई, त्यात आपण भाज्या, मासे, मांस टाकायचं, शिजलं की काढून तिळाचं तेल आणि ठेचलेला लसूण यात बुडवून खायचं. धोक्याची गोष्ट अशी की तो लाल रस्सा बहुतेक ठिकाणी गाईच्या चरबीत केलेला असतो. न्यौयौ म्हणतात. म्हणजे तुम्ही फक्त बटाटा आणि कमळकाकडी टाकलीत तरी ती त्याच चरबीत शिजणार. ज्यांना चालत नाही त्यांनी वनस्पती तेलाचा रस्सा देणारं दुकान शोधायचं, त्याला छिंगयौ म्हणतात, किंवा मशरूमचा साधा रस्सा सांगायचा, आणि पूर्ण शाकाहारी असाल तर त्या साध्या रश्शातही हाडांचं पाणी नाही ना हे विचारायचं. भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये "मी मांस, मासे, अंडी, प्राण्यांची चरबी खात नाही" असं अख्खं वाक्य करून त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. नुसतं "व्हेज" म्हणालात तर वर खिमा भुरभुरून आणतात, त्यांच्या हिशोबाने ते व्हेजच. बौद्ध मंदिरांच्या आवारात शाकाहारी खानावळी असतात, त्या सगळ्यात खात्रीच्या.

आम्ही एका बोगद्यातल्या हॉटेलात गेलो. डोंगरात खोदलेले असे बोगदे शहरभर आहेत. जपानशी युद्ध चालू असताना चोंगचिंग ही चीनची तात्पुरती राजधानी होती, वर्षानुवर्षं बॉम्ब पडत होते, तेव्हा लोकांनी लपायला खोदलेले, आता कुठे पेट्रोल पंप, कुठे हॉटेल. आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून आले ते येनानला जायच्या आधी याच शहरात मुक्कामाला होते. हे मी मामांना सांगत होतो, पण मामांचं लक्ष कढईत. कोल्हापूरकडचा माणूस तिखटाला काय घाबरतो म्हणून मी मधलं तिखट सांगितलं होतं, पहिल्या घासाला काहीच नाही, दुसऱ्याला ओठ गेले. जळजळ वेगळी, ही बधिरता, दाताच्या डॉक्टरकडे इंजेक्शन घेतल्यासारखी. मी पाणी शोधतोय (ते गरम आणतात, उपयोग नाही, सोयाच्या थंड दुधाची बाटली मागा) आणि मामांनी चॉपस्टिकने नाही, सरळ बोटाने रश्शातून एक फुटलेलं दाणं उचललं, वास घेतला आणि ओरडले, "अरे, ह्यां तर आमचां तिरफळ!"

आणि खरंच. त्यांचं ह्वाज्याओ आणि आपलं तिरफळ एकाच कुळातलं. बांगड्याच्या तिखल्यात चार दाणे पडतात, इथे मूठभर. मामांनी मालकीणबाईंना फोनवर तिरफळाच्या झाडाचा फोटो दाखवला, त्या हसल्या, आतून एक वाडगा हिरवे दाणे घेऊन आल्या, मग अर्धा तास एक मालवणीत आणि एक चिनीत, मधे अ‍ॅप काहीतरी भलतंच बोलतंय, पण दोघांचं चाललं होतं. मी जेवलो.

सकाळी श्याओम्येन खा, तिखट नूडल्स, रस्त्यावर प्लास्टिकच्या स्टुलावर बसून, स्वस्तात पोट भरतं.

बाकी कामाचं पटापट सांगतो. निघण्याआधी भारतातच अलीपे, म्हणजे तिथलं पैसे भरायचं अ‍ॅप, डाऊनलोड करून त्याला पासपोर्ट आणि आपलं व्हिसाचं किंवा मास्टरचं बँक कार्ड जोडा, तिथे गेल्यावर ओटीपीची रड होते. टॅक्सीही त्यातूनच बोलावता येते. २०० युआनच्या वरच्या बिलावर परदेशी कार्डाला ३ टक्के जादा लागतात, म्हणून मोठं बिल शक्य असेल तर दोनदा भरा. थोडी रोख ठेवा. व्हॉट्सअ‍ॅप हॉटेलच्या वायफायवर चालत नाही, पण आपल्या सिमचं रोमिंग किंवा बाहेरचं ई-सिम असेल तर चालतं, घरचे घाबरत नाहीत. पॉवरबँकवर चीनचा थ्री-सी (3C) हा सुरक्षेचा शिक्का नसेल तर २०२५ च्या जूनपासून चीनमधल्या चीनमध्ये उडणाऱ्या विमानात ती नेऊ देत नाहीत, मामांची नवी कोरी पॉवरबँक चोंगचिंगला येतानाच ठेवून घेतली आणि ते दोन दिवस त्याच विषयावर बोलत होते. तिथे गल्लोगल्ली भाड्याने मिळते, स्कॅन करायची. टिश्यू खिशात हवेतच, सार्वजनिक संडासात असतीलच असं नाही. आणि रेल्वेने येणार-जाणार असाल, उदाहरणार्थ छंगदूला, तर चोंगचिंग नॉर्थ स्टेशनला उत्तर चौक आणि दक्षिण चौक असे दोन वेगळे भाग आहेत, तिकिटावर कुठला आहे ते बघूनच टॅक्सीत बसा, चुकीच्या बाजूला उतरलात तर गाडी गेलीच म्हणून समजा.

गुडघ्यांचं म्हणाल तर मामांनी रोज एकच ठिकाण सकाळी, एक संध्याकाळी आणि मधे झोप असं ठेवलं. चढायच्या जागी लिफ्टने किंवा मेट्रोने वर जायचं आणि चालत खाली यायचं, उलटं नाही. मेट्रोत सरकते जिनेच एवढे लांब आहेत की होंगयान्छुन स्टेशनात, जे शंभर मीटरहून खोल आहे, मामांचा वर येईपर्यंत मामींशी अख्खा फोन झाला, रेंज जाईल म्हणून वाट बघत होतो, गेली नाही.

शेवटच्या दिवशी सुपरमार्केटमध्ये मसाल्यांच्या फळीपुढे पाऊण तास. लाल ह्वाज्याओ एक पाकीट, हिरवं एक पाकीट, वास घेऊन घेऊन मामांनी हिरव्याला पास केलं, लिंबासारखा वास, तो आपल्याला जवळचा. मामींना व्हिडिओ कॉल लावला. मामींनी नीट बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "बियो काढलेल्यो आसत काय?"