माझी सटकली

‘माझी सटकली’ म्हणताना नेमकं काय सटकतं? डोकं म्हणावं, तर ते ‘सटकलं’ असतं. मेंदू सटकला असता. मग ही स्त्रीलिंगी कोण? कुणी म्हणेल खोपडी, पण ती आठवून कुणीच बोलत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री तंतरते, साहेब दिसले की टरकते, तिचंही नाव कुणाला ठाऊक नसतं. क्रियापद हजर, कर्ता फरार.

2011 साली ‘सिंघम’ या हिंदी चित्रपटात अजय देवगणने ‘आता माझी सटकली’ म्हटलं आणि आपल्या कट्ट्यावरचं वाक्य देशभर गेलं. मराठीत पाणी मागता येत नाही असे लोकही ते बिनचूक म्हणतात, स्त्रीलिंगासकट.

रागाचे आपले जुने शब्द बहुतेक आगीचे. माणूस तापतो, भडकतो, पेटतो. तळपायाची आग मस्तकात जाते. सटकणं मात्र पकड सुटण्याचं. ओला साबण सटकतो, पोरं तासाला बसायचं सोडून सटकतात. म्हणूनच हा शब्द सोयीचा. ‘मी चिडलो’ म्हटलं की ‘मी’ अडकतो. ‘माझी सटकली’ म्हटलं की ती आपली आपण गेली, मी तर इथेच होतो!

शिवाय भूतकाळ असला तरी घडलेलं काहीच नसतं. ‘आलो, आलो’ म्हणणारा जसा अजून सोफ्यावरच असतो, तसं. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगचा विषय निघाला, तेव्हा एक काका कडाडले, “आता माझी सटकली हां!” आणि टेबलावर हात आपटला. आपटण्याआधी चहाचा कप मात्र अलगद बाजूला सरकवला. ज्याची खरंच सटकते त्याला कप दिसत नाही, आणि हे वाक्यही सुचत नाही. तो पार्किंगवरून सुरू होतो आणि पाच वर्षांपूर्वीच्या पाण्याच्या टाकीवर जाऊन आदळतो.

कुणीतरी काकांना शांत व्हा म्हणालं. त्यावर ते म्हणाले, “मी शांतच आहे. सेक्रेटरींनी माझी सटकवली!” म्हणजे कर्ता सापडला, फक्त तो समोरचा निघाला.

इतिवृत्तात सेक्रेटरींनी लिहिलं : पार्किंगच्या विषयावर सविस्तर चर्चा झाली.