हेड उघडण्याआधी ऑइल कूलर तपासा

उसाच्या हंगामात निपाणी-संकेश्वर भागातले भरलेले ट्रक तासन्‌तास खालच्या गिअरवर ओढतात. चोर्ला घाटातही तेच. बेअरिंग आणि पिस्टनची उष्णता तेव्हा ऑइलच वाहून नेतं. ते फार तापलं की पातळ होतं आणि प्रेशर पडतं. ते थंड ठेवण्याचं काम ऑइल कूलर करतो.

बहुतेक डिझेल इंजिनांत कूलर ब्लॉकलाच (इंजिनच्या मुख्य सांगाड्याला), फिल्टरजवळ असतो. पातळ प्लेटांच्या एका बाजूनं ऑइल, दुसऱ्या बाजूनं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी.

प्लेट फुटली की काय होतं, ते नीट समजून घ्या. इंजिन चालू असताना ऑइलचं प्रेशर साधारण ३ ते ४ बार, कूलंटचं १ बारच्या आसपास. म्हणून आधी ऑइल पाण्यात जातं आणि कूलंटच्या टाकीत तपकिरी, चिकट साय धरते. इंजिन बंद केल्यावर ऑइलचं प्रेशर शून्य होतं, पण गरम कूलंटचं टिकून राहतं. मग पाणी ऑइलमध्ये शिरतं आणि डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) दुधाळ ऑइल दिसतं. अशी गाडी अजिबात चालवू नका, बेअरिंग जातील.

ऑइल-पाणी मिसळलेलं दिसलं की अनेकजण थेट हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनचं हेड (वरचा भाग) आणि ब्लॉक यांमधल्या पॅकिंगवर, संशय घेतात. पण गॅस्केट गेल्याची लक्षणं, म्हणजे रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर, नसतील, तर आधी कूलर सोडवा. एक तोंड बंद करून दुसऱ्यातून हवा भरा आणि पाण्यात बुडवा. बुडबुडे आले, की दोष तिथेच.

प्लेट फुटण्याचं कारण बहुधा बोअरचं क्षारयुक्त पाणी. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच वापरा. नवा कूलर बसवताना रेडिएटर फ्लश करा, ऑइल आणि फिल्टर बदला, फुगलेले होजही काढून टाका.