तुम्ही विचारलंत म्हणून: व्होल्टेज किती ठेवू?

"काका, ओव्हरक्लॉक करतोय. व्होल्टेज किती ठेवू? का ऑटोवरच राहू दे?" महिन्याला असे दोन-तीन फोन येतातच. ओव्हरक्लॉक म्हणजे कॉम्प्युटरचा प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या स्पीडपेक्षा जोरात पळवणं. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून बैजवार सांगतो.

पहिला घोळ आमच्या सोलापूरचाच. ज्यांच्या घरी माग आहेत त्यांना व्होल्टेज म्हटलं की भिंतीतलं आठवतं, स्टॅबिलायझर आठवतो. बायोसमधलं, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमधलं, व्होल्टेज वेगळं. भिंतीतल्या २३० चे पॉवर सप्लाय १२ व्होल्ट करतो आणि प्रोसेसरच्या शेजारचं व्हीआरएम नावाचं सर्किट त्या १२ चे एक-सव्वा व्होल्ट करतं. आपण बोट घालतो ते या सव्वा व्होल्टात. त्यालाच व्हीकोर म्हणतात.

मी पहिल्यांदा बोट घातलं ते गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत. प्रोसेसर इंटेलचा आय-फाइव्ह ८६००के. सगळे कोअर मिळून ४.१ गिगाहर्ट्झ चालायचा, तो ४.७ वर नेला आणि व्होल्टेज ऑटोवर सोडून दिलं. जानेवारीची थंडी, तापमान ८४. मी खूश! मे महिन्यात खोली ४२ अंशांवर गेली आणि प्रोसेसर १०० ला टेकून स्वतःच स्पीड पाडायला लागला. ४.७ काही टिकेना. कूलर कितीही चांगला घ्या, तो खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोली सोळा अंशांनी तापली की तेवढेच अंश प्रोसेसरवर चढतात.

तेव्हा कुठे मी व्हीकोर बघितलं: १.४०. ऑटो म्हणजे मदरबोर्ड बनवणाऱ्याचा अंदाज, आणि कुणाचीही चिप अडू नये म्हणून तो हात सैल सोडतो. हाताने कमी करत गेलो, १.२४ वर ४.७ तसाच चालला. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, म्हणजे त्याच स्पीडला १.४० मध्ये जवळपास २७ टक्के जादा उष्णता मी फुकटात खोलीत सोडत होतो.

मग लोड-लाइन कॅलिब्रेशन, म्हणजेच एलएलसी. कारखान्यात चार माग एकदम सुरू केले की बल्ब क्षणभर मंदावतो ना, तसं प्रोसेसरवर भार पडला की व्हीकोर जरा खाली बसतं. ते मुद्दामच तसं ठेवलेलं असतं. एलएलसी ती घसरण भरून काढतं. पण फार कडक लावलं तर भार उतरताना व्होल्टेज ठरवलेल्या आकड्याच्या वर उसळी मारतं, आणि साध्या सॉफ्टवेअरला ती दिसतही नाही. मी मधली लेव्हल ठेवतो. इथे मॅन्युअल वाचाच, कारण एका कंपनीची लेव्हल १ सगळ्यात कडक असते, तर दुसरीची सगळ्यात सैल.

रॅमचं फार डोकं खाऊ नका. डीडीआर४ रॅम मूळ १.२ व्होल्टची, एक्सएमपी (रॅमची जास्त स्पीडची तयार सेटिंग) लावलं की बहुधा १.३५. तिथेच थांबा.

आकडा मात्र मी सांगणार नाही. एकाच मॉडेलच्या दोन चिपांना वेगवेगळं व्होल्टेज लागतं. स्पीड ठरवा, व्होल्टेज ०.०१ ने उतरवत जा, अडखळला की दोन पायऱ्या वर या. आणि चाचणी उन्हाळ्यात दुपारी तीनला, एअर कूलर बंद करून लावा. रात्री बाराला खिडकी उघडी टाकून पास झालेली मी धरत नाही.